इंजिन आणखी मोठं हवं

कुंभिवलीच्या धर्माजीने पडवीत विमान बांधायला घेतलं तेव्हा आम्हा शेजाऱ्यांना मनापासून आनंद झाला होता. हा आनंद पहिली दोन वर्षं टिकला. पुढची वर्षं आम्ही ते विमान ढकलण्यात घालवली.

धर्माजीची सगळी नोकरी कर्जतच्या रेल्वे शेडमध्ये फिटर म्हणून झाली. कर्जतला आलेली गाडी घाट एकटी चढत नाही. तिला मागून जादा इंजिन लावतात, ते ढकलतं आणि गाडी वर जाते. जन्मभर हेच पाहिलेल्या माणसाचं वर जाण्याविषयी मत पक्कं होतं: चढ आला की इंजिन वाढवायचं. शिवाय रेल्वेत इंजिन जड असलेलं बरं, रुळाला धरून बसतं. आकाशात रूळ नसतात हे त्याला सगळ्यांनी सांगून पाहिलं. पण सांगणाऱ्यांत एकही रेल्वेतला नव्हता.

अडुसष्ट साली निवृत्त झाल्यावर त्याने बांबूचा सांगाडा केला, त्यावर मांजरपाटाचे पंख चढवले, पुढे फिरायला सागाचं पातं तासलं आणि मोटारसायकलचं इंजिन लावलं. विमान माळावरून बैलगाडीच्या चालीने गेलं आणि बैलगाडीच्याच समजूतदारपणाने थांबलं. धर्माजी म्हणाला, ताकद कमी पडते. घाट उतरताना मोडलेल्या गाड्यांना आमच्या हमरस्त्यावर तोटा नव्हता, तेव्हा मोरू भंगारवाल्याने एका मोटारीचं इंजिन दिलं. त्याखाली बांबू वाकले. म्हणून बांबूच्या जागी लोखंडी अँगल आले. अँगलच्या वजनाने विमान जागचं हलेना, म्हणून जीपचं इंजिन आलं. जीपच्या इंजिनाने विमानाचं नाक जमिनीला टेकलं, म्हणून शेपटीला भाताचं पोतं बांधलं. दर खेपेला विमान अधिक ताकदवान होत होतं आणि दर खेपेला आम्हाला ते माळावर न्यायला दोन माणसं जास्त लागत होती. आमच्यातल्या चांगोला तर विमान म्हटलं की पाठीत उसण भरायची, आणि ती खोटी नसायची.

सगळ्यात दमली होती धर्माजीची बायको, पुतळाबाई. पडवीभर विमान, त्यामुळे घरात जाता-येता पंखाखालून वाकून जावं लागे. ती सवय इतकी जडली की परक्याच्या घरातही ती दारातून वाकूनच शिरे. भांडून झालं, अबोला धरून झाला. शेवटी जीपचं इंजिन बसवलं त्या दिवशी धर्माजीने स्वतःच तिला शब्द दिला, की चाकं एकदा वीतभर जरी जमिनीवरून सुटली तरी बास. मग सगळं विमान मोरूच्या भंगारात. पुतळाबाईला आयुष्यात आता ती एक वीत हवी होती.

जानेवारीतल्या एका सकाळी आम्ही ते धूड माळावर नेलं. पुतळाबाईही आली होती. मुरमाड, टणक जमीन, चाकाचा माग उठायचा नाही अशी. इंजिन असं गरजलं की गुरं लोधिवलीच्या वाटेला लागली. विमान धावलं, थरथरलं, एका उंचवट्यावरून गेलं आणि पुढच्या बांधाला अडून गप्प झालं. धर्माजीला आत बसून काही कळलं नव्हतं. त्याची हाडं अजून हलत होती.

"उठलं, धर्मादादा," चांगो म्हणाला. "चांगलं हातभर."

आम्ही सगळ्यांनी री ओढली. एकाने तर कमरेइतकं नेलं. खरं म्हणजे कोणीच नीट पाहिलं नव्हतं, आम्हाला फक्त घरी जायचं होतं. पण धर्माजी आमच्याकडे बघतच नव्हता.

"तू सांग गं," तो बायकोला म्हणाला. "सुटली का चाकं?"

छप्पन साली धम्म घेतल्यापासून पुतळाबाई रोज सकाळी पंचशील म्हणत असे, आणि त्यातलं खोटं न बोलण्याचं शील तिने जरा जास्तच मनावर घेतलं होतं. गावात लग्नाची बोलणी चालली की तिला लोक प्रेमाने दूर कामाला धाडत. आत्ता एक 'होय' म्हटलं की पडवी मोकळी होणार होती. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत उभे होतो.

"नाय," ती म्हणाली. "हादरलं लय. सुटलं नाय."

"वैनी, थोडं तरी…" चांगो काकुळतीला आला.

"मी खाली बसून चाकाकडंच बगत व्हते, भावजी."

धर्माजी रागावला नाही. तो विमानातून खाली उतरला. मग म्हणाला, "मग बास आता. माझ्यानं व्हत नाय."

हेच शब्द ऐकायला ती इतकी वर्षं थांबली होती. विमान परत नेताना ती सगळ्यांत मागे चालत होती.

दुसऱ्या दिवशी ती मोरूकडे गेली. जीपपेक्षा मोठं काय आहे, तिने विचारलं. मोरूने कोपऱ्यातलं ट्रकचं इंजिन दाखवलं. तिने त्याच्याभोवती एक फेरी मारली, चालतं का विचारलं आणि पदराने त्याच्यावरची धूळ थोडी पुसली. धर्मादादांनी धाडलंय का, मोरूने विचारलं.

"नाय रं. ते बसलेत भिंतीकडं तोंड करून. कालपास्नं जेवले नायत," पुतळाबाई म्हणाली. "हे कुनाला देऊ नको."