देवातली नाणी

कोथिंबिरीच्या जुडीसाठी खिशात सुट्टे चाचपले, तर काळवंडलेल्या चिल्लरीत पाचाची दोन पिवळी नाणी अगदी लख्ख निघाली. नवी असतील म्हणून साल पाहिलं, तर माझ्या लेकीच्या जन्माआधीचं! मग इतकी वर्षं ही होती कुठे?

भाजीवाल्या मावशींनी एक नाणं उन्हात धरलं. आकड्याच्या खाचेत कुंकू होतं.

"चिंचेनं घासलंय. देवातलं आहे हो. कुणाची तरी नड असणार. दुसरं द्या."

मी चिल्लरीतलं एक काळवंडलेलं नाणं दिलं. पण देव्हाऱ्यात हात घालायला लावणारी ती नड कसली? दुधाची? दवाखान्याच्या रिक्षाची? दर सणाला ती घासणारी बाई आता काय घासत असेल?

मी देवबीव मानत नाही. तरी ती दोन्ही वरच्या खिशात वेगळी ठेवलीत. खर्चवत नाहीत.