मरणाला वन्स मोअर

दुपारचे साडेबारा. मुळशी धरणाच्या काठचा कौलारू बंगला. टेबलावर दोन ताटं: एक माझं, एक जर्मन साहेबाचं.

इतकी वर्षं हे कुणाला सांगितलं नव्हतं. चहा पाजलात म्हणून सांगतो. पण हसायचं नाही!

साहेब म्हणजे सत्तरीचा म्हातारा, एके काळी जर्मन रंगभूमी गाजवून मूकपटांत गेलेला. पुढे बोलपट आले आणि चिरक्या आवाजाने त्याचा घात केला. मुंबईला नटांचे चेहरे रंगवायला आला, तो इकडेच राहिला. अशा माणसावर पुण्यात कुणी एक ओळ छापू नये? संपादकाशी भांडून मी एस.टी. पकडली होती.

“तुमचा गाजलेला प्रसंग कोणता?”

“मरण,” साहेब म्हणाला. “मी अकरा पिक्चरमध्ये मेला. चार वेळा विष.”

“मग दाखवा की!”

“जेवून मग.”

पण साहेबाचं खाणं चिमणीएवढं! मला राहवेना. माझ्या ताटातला माशाचा मोठा, हात न लावलेला तुकडा मी त्याच्या ताटात टाकला. “घ्या हो, संकोच कसला!”

दोनच घास, आणि साहेब ताडकन उठला. गळा धरला. डोळे बाहेर. चेहरा लाल, मग जांभळा. आणि आवाज? अजिबात नाही! मूकपटाचा नट तो! मी भराभर टिपत होतो. त्याने टेबलावर मूठ आपटली, माझी कॉलर धरली. काय ती तन्मयता! तो गुडघ्यांवर आला आणि मी टाळ्या पिटत ओरडलो,

“वन्स मोअर!”

स्वयंपाकीण कोंडाबाई धावत आली. “अवं, टाळ्या काय पिटताय! मानूस मराय लागलाय हितं!”

माझी वही गळून पडली. डॉक्टर पौडला, एस.टी. चार वाजता! मी नुसता दारापर्यंत पळत होतो आणि परत येत होतो. कोंडाबाईने साहेबाला ओणवं करून पाठीत दणके घातले. एक. दोन. तिसऱ्याला बोटभर काटा बाहेर!

साहेबाचा श्वास सुरू झाला, त्यानंतर माझा. आणि मी घाबरलो की चिडतो.

“म्हाताऱ्या माणसाला काट्याचा मासा? याला जबाबदार कोण? नाव सांगा, उद्या छापतो!”

कोंडाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “सायबाचं काटं मी सोता येचून देती. मग त्यांच्या ताटात त्यो तुकडा टाकला कुनी?”

साहेबाने माझ्याकडे पाहिलं. मग आपलं ताट हळूच माझ्यापासून लांब सरकवलं.

लेख छापून आला, चांगला दोन रकाने. कोंडाबाईच्या प्रश्नाला मात्र अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.