उशिराचा दाखला

उशीर जगात सगळ्यांनाच होतो, पण उशिराला इतका मान देणारा माणूस मी जन्मात दुसरा पाहिला नाही. कामरगावच्या शाळेत मी इंग्रजीचा मास्तर म्हणून रुजू झालो, तेव्हा माझ्या शेजारचे हे काका कारंजाच्या बसस्टँडवरून कंट्रोलर म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते. नोकरीत असताना एसटी उशिरा आली की कारकून, मास्तर, कोर्टात तारीख असलेली माणसं त्यांच्या खिडकीपाशी रांग लावत. काका प्रत्येकाला गाडीचा नंबर, ठरलेली वेळ, आलेली वेळ आणि कारण लिहून, खाली शिक्का मारून, उशिराचा दाखला देत. तो कागद साहेबापुढे ठेवला की बोलणी टळत. त्यातल्या 'कारण' या रकान्यावर काकांचा भारी जीव. दुसरा कुणी 'बिघाड' लिहून मोकळा झाला असता. काका 'इंझोरीपुढे म्हशी रस्त्यात बसल्या, हॉर्न वाजवूनही उठल्या नाहीत' असं साग्रसंगीत लिहीत.

नोकरी संपली, खोड संपली नाही. दूधवाला उशिरा आला की त्याला उंबऱ्यावर उभं करून कारण विचारायचे आणि डायरीत टिपायचे. मला चहाला पाचला बोलवायचे आणि मी दारात पाऊल टाकताच म्हणायचे, "सर, पाच सतरा झाले. कारण?" मी हेडमास्तरांनी बैठक लांबवल्याचं सांगितलं, तर लगेच, "त्यायचं लिहून आणलं काय?" पहिल्या दोन वेळा मी हसलो. तिसऱ्या वेळी मुकाट्यानं हेडमास्तरांची चिठ्ठी आणली. त्यांनी ती वाचून फाइलला लावली आणि मगच चहा ठेवला. केनवडला एका लग्नात नवरदेव दोन तास उशिरा पोचला, तर काकांनी त्याला मांडवाच्या दारात अडवलं आणि वऱ्हाडाच्या ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरची सही घेऊनच आत सोडलं. लोक हसत, पण काकांना दुखवत कुणी नसे.

एकदा मी चिडून विचारलं, की माणसाच्या शब्दावर तुमचा इतका अविश्वास का? ते रागावले नाहीत. "सर, माया बापाचा शब्द ह्या गावात कोणी कदी मानला नाई. आमच्या लोकायचा कोनाचाच नाई. पन मी शिक्का मारला, तं मोठमोठ्या पाटलाचे पोरं तो कागद घडी करून खिशात ठेवत. मंग मी शब्दावर काहून जाऊ?"

पण याच शिक्क्यानं त्यांचं घर रिकामं केलं होतं. काकू गेल्या तेव्हा त्यांचा एकुलता मुलगा अमरावतीला इंजिनिअरिंगला होता. तो आला तोवर सगळं उरकलं होतं. अंगणात माणसं बसलेली, आणि काकांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "गाडीचा दाखला आणला काय?" मुलगा तसाच आत निघून गेला. पुढं शिक्षण संपलं, मुंबईत नोकरी लागली, तरी बापलेकांत बोलणं म्हणून उरलं नाही. मग एक दिवस त्याची तार आली, की परदेशी निघालोय, उद्या रात्री विमान आहे, जमलं तर या.

नेमका तेव्हा रेल्वेचा संप चालू होता आणि एसटीनं मुंबई वेळेत गाठणं शक्य नव्हतं. कामरगाव-कारंजापलीकडे कधी मोठा प्रवास न केलेला हा माणूस मिळेल त्या गाडीनं नागपूरला गेला, कसंबसं तिकीट मिळवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा विमानतळावर जाऊन बसला, वेळेच्या दोन तास आधी. विमान पावणेपाच तास उशिरा सुटलं. कंपनीनं प्रवाशांना चहा आणि कटलेट दिलं. काकांनी चहा घेतला, कटलेट परत केलं. "खाल्लं असतं तं तडजोड झाली म्हनून लिहून ठेवलं असतं त्यायनं." मुंबईला उतरले तेव्हा मुलाचं विमान उडून चाळीस मिनिटं झाली होती. महिन्याभरानं त्याचं पत्र आलं, त्यात एवढंच होतं, की मी शेवटपर्यंत दाराकडे बघत होतो, तुम्ही आला नाहीत, ठीक आहे.

"मग लिहा ना त्याला, काय झालं ते," मी म्हणालो. काकांनी मान हलवली. "पोराच्या शब्दावर मी कदी भरोसा नाई ठेवला. तो माया शब्द कायले मानीन? पयले दाखला पायजे."

झालं, माझं इंग्रजी कामाला लागलं. अडीच वर्षं आम्ही विमान कंपनीला पत्रं लिहीत होतो. कंपनीचं ठरलेलं उत्तर यायचं, की तिकिटामागच्या अटींनुसार छापलेली वेळ हा कराराचा भाग नाही, सबब नुकसानभरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. काका भिंग घेऊन तिकिटाची मागची बाजू वाचायचे. "वेय कराराचा भाग नाई, तं छापता कायले?" प्रवाशाला हक्क असतो, मानसिक त्रासाची भरपाई मागू, असं मी उत्साहानं सुचवलं. ते खिन्न हसले. "भरपाई कशी करतीन, सर? तो दरवाजाकडे पाहून राह्यला होता, ते कसं भरून देतीन? मले निसतं लिहून द्या म्हना, इमान उशिरा होतं, मानूस वेयेवर होता." एकदा कंपनीनं पुढच्या प्रवासात नाश्ता फुकट मिळण्याचं कूपन पाठवलं, काकांनी ते रजिस्टर पोस्टानं परत केलं. या अडीच वर्षांत त्यांनी मुलाला एक ओळ लिहिली नाही. संध्याकाळी एकटेच भाकरी थापायचे, एकटेच जेवायचे, आणि मी हाक मारली की आधी घड्याळ बघायचे. मला त्यांचा राग यायचा, तरी कंपनीला पुढचं पत्र मीच लिहायला बसायचो.

शेवटी ते स्वतःच नागपूरच्या विमानतळावर जायला लागले. तिसऱ्या खेपेला तिथला एक कारकून त्यांच्याकडे बघतच राहिला. कधी काळी मुलाखतीला निघालेला असताना त्याची एसटी बंद पडली होती आणि काकांच्याच दाखल्यामुळे त्याची मुलाखत पुन्हा झाली होती. त्यानं जुनी वही काढली, कंपनीच्या कागदावर वेळ आणि कारण लिहिलं आणि शिक्का मारला. काकांनी तो कागद पाकिटात घालून परदेशी धाडला. सोबत पत्र नाही, दाखला फक्त.

उत्तर आलं तेव्हा मी शेजारीच होतो. पाकिटातून एक पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला कागद निघाला. अमरावती स्टँडचा उशिराचा दाखला. तारीख काकू गेल्या त्या दिवसाची. गाडी सव्वादोन तास उशिरा, कारण नाल्याला पूर. सोबतच्या चिठ्ठीत एकच ओळ होती: 'बाबा, हा तेव्हा माझ्या खिशातच होता.'

काकांनी सवयीनं कागद उजेडात धरून शिक्का तपासला. "बराबर हाय," म्हणाले. "त्यानं दाखवला काहून नाई, सर?" कागदाची घडी घालता घालता स्वतःच बोलले, "मी मागालेच नोको होता."

दुसऱ्या दिवशी मला चहाला उशीर झाला. मी खिशातून हेडमास्तरांची चिठ्ठी काढू लागलो, तर काकांनी माझा हात धरला. "राहू द्या, सर. तुमी म्हनता तं असन." त्यानंतर त्यांनी कुणालाच कारण विचारलं नाही. दूधवालाच बिचारा चुकल्यासारखा उंबऱ्यावर थोडा वेळ थांबायचा. बापलेकांची पत्रं सुरू झाली. पुढच्या वर्षी येतो, असं प्रत्येक पत्रात असायचं.

माझी बदली झाली, त्याच्या आदल्या संध्याकाळी काका मला स्टँडवर बसलेले दिसले. मुलगा शिकत असताना ज्या गाडीनं यायचा, ती अमरावतीची गाडी यायची होती. हातात घड्याळ नव्हतं. "आज गाडीला बराच उशीर झाला वाटतं," मी म्हणालो.

"येईन न," काका म्हणाले आणि सरकून मला बाकावर जागा करून दिली.