सासऱ्यांचं अल्ब्युमिन

सासरची माणसं तिला पाठीमागे ‘तपासणी’ म्हणायची. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती म्हणून नव्हे. दूध घेताना वास, फळं घेताना देठ, पाहुणे आले की त्यांच्या डोळ्यांखालची सूज, असं काहीही तिच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून. या नावाचा तिला रागही नव्हता. घरात कुणीतरी डोळे उघडे ठेवायला हवेत, असं ती म्हणायची, आणि ते कुणीतरी म्हणजे आपणच, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नसायची.

सासरे थोरल्या जावेकडे राहत. जिन्यावरून पडले, खुबा मोडला, ऑपरेशन झालं आणि घरी आले ते खाटेलाच खिळले. ती भेटायला गेली तेव्हा म्हातारा पार वाळला होता, पावलं मात्र सुजलेली. तिने तिथेच रक्त काढलं आणि लॅबमध्ये हातातली कामं उरकल्यावर नमुना मशीनला लावला. फक्त अल्ब्युमिनसाठी. रक्तात सगळ्यात जास्त असणारं हे प्रथिन. ते कमी असणार, असं तिने आधीच ठरवलं होतं, म्हणून तेवढंच बघितलं. आकडा तळाला गेलेला निघाला.

पुढच्या रविवारी नणंद, मोठे दीर, सगळे सासऱ्यांच्या खोलीत बसलेले असताना तिने तो आकडा जाहीर केला. वर म्हणाली, "वहिनी, रक्त खोटं बोलत नाही. माणसाला पोटाला मिळालं नाही की हे असं होतं."

जाऊ सुपाची वाटी घेऊन दारातच थबकली. "अगं, बसून भरवते गं मी त्यांना. संध्याकाळी अंगात कणकण असते, मग घास तोंडात नुसता घोळवत राहतात."

"घोळवतात, की मिळतच नाही?"

दीर पंख्याकडे बघत राहिले. जाऊ वाटी घेऊन आत निघून गेली.

त्यानंतर काही दिवसांनी लॅबच्या खिडकीशी एक बाई रिपोर्ट घेऊन आली. तिचा मुलगा मोटरसायकलवरून पडला होता, मांडीचं हाड मोडलं होतं. मुलगा चांगला दणकट, तरी अल्ब्युमिन घसरलेलं. बाई रडकुंडीला आली होती. "रोज अंडी खातो हो. मीच कुठे कमी पडले का?"

"छे हो, यात खाण्यापिण्याचा दोष नाही," ती सवयीने बोलू लागली. "मार लागला, आजार आला की यकृत रोजचं काम बाजूला ठेवतं. अल्ब्युमिन कमी बनवतं, आणि संकटात लागणारी प्रथिनं भराभर बनवतं. शिवाय असलेलं अल्ब्युमिनही रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतं. हे खाली सीआरपी बघा, त्यांतलंच एक, केवढं चढलंय. या दोन ओळी नेहमी एकत्र..."

सासऱ्यांची तिने एकच ओळ बघितली होती. बाई काचेपलीकडून बघत होती.

सासऱ्यांच्या नमुन्याची नळी अजून फ्रिजमध्ये होती. तिने सीआरपी लावलं. ऑपरेशनला इतके आठवडे उलटल्यावर ते उतरायला हवं होतं. ते आभाळाला भिडलं होतं. तिने ताबडतोब डॉक्टरांना फोन केला. खुब्याच्या जखमेत आत पू झालेला निघाला. म्हातारा पुन्हा दवाखान्यात गेला, जखम धुतली, इंजेक्शनं सुरू झाली आणि तो वाचला. कणकणीचं जावेने तिच्या तोंडावर सांगितलं होतं. इतके दिवस वाया घालवले ते हिने. लाजेने तिला आरशात बघवेना.

सासरे घरी आले तेव्हा ती गेली. जावेला स्वयंपाकघरात गाठायचं, हळूच माफी मागायची, असं तिने मनाशी योजलं होतं. पण खोलीत सगळेच जमले होते, आणि खाटेजवळच्या खुर्चीवर शेजारच्या काकू बसल्या होत्या.

"बघा हं काकू, पूर्ण वाटी आहे," जाऊ चमचा ढवळत म्हणाली.

"अगं, मला कशाला दाखवतेस रोज?" काकू अवघडून म्हणाल्या.

तेव्हा तिला कळलं. त्या रविवारपासून जाऊ साक्षीला माणूस बसवल्याशिवाय सासऱ्यांना घास देत नव्हती.

स्वयंपाकघरातलं बोलणं आता पुरणार नव्हतं. ती उभ्या उभ्याच म्हणाली, "तो आकडा उपासाचा नव्हता. जखमेचा होता. मला कळायला हवं होतं, माझं रोजचं काम आहे ते. वहिनी उपाशी ठेवतात असं मी सगळ्यांसमोर म्हटलं, ते खोटं होतं. चुकलं माझं."

जावेने मान वर केली नाही. काकूंना म्हणाली, "तुम्ही उठा आता." मग वाटी हिच्या हातात दिली आणि स्वतः त्या खुर्चीवर बसली. "आज तू भरव. मी बघते."

म्हाताऱ्याने एक चमचा घेतला, दुसरा गालात धरून ठेवला, तिसऱ्याला तोंड फिरवलं. "रेटू नकोस, ठसका लागतो त्यांना," जाऊ म्हणाली. "थांब जरा." ती थांबली. सूप निवलं. दीर बघत होते, नणंद बघत होती. शेवटी सासऱ्यांनी हात हलवून पुरे म्हटलं. वाटी अर्ध्याहून जास्त भरलेली होती, आणि ती कुणाला दिसू नये म्हणून तिने वर हात धरला.