गावाकडची बाई

घरमालकीणबाईंनी माझ्या आईनं भरलेली घागर अंगणात उलटी केली. विहिरीच्या काठावर शेणपाणी शिंपडलं. आई भिजल्या लुगड्यानं तशीच उभी.

सकाळच्या गाडीनं ती भिवापुराहून आली होती. खोलीत शिरल्याबरोबर तिनं बुद्धाची तसबीर शोधली. दीक्षा घेतली तेव्हा तिनं ती घेतली होती, आणि मला हिंगण्याच्या कारखान्यात नोकरी लागल्यावर माझ्या हाती दिली होती. मी ती ट्रंकेत, कपड्यांखाली दडवलेली. खोली मिळावी म्हणून. माझ्या आडनावावरून जात कळत नव्हती आणि मी कळू दिली नव्हती. आईनं तसबीर खिळ्याला टांगली, मेणबत्ती लावली, पाण्याला गेली. मालकीणबाई उघड्या दारातून डोकावल्या. झालं.

मालक बाहेर आले. "ही बाई कोण तुमची?"

"गावाकडची आहे. ओळखीची."

हे मी बोललो. याच तोंडानं. आईनं ऐकलं आणि रिकामी घागर उचलली.

एवढं करूनही खोली गेलीच. संध्याकाळी आमचं सामान रस्त्यावर होतं.

सोबतच्या कामगाराच्या घरी बसून मी तक्रार लिहिली. विहीर, घागर, शेणपाणी, सगळं लिहिलं. आईला वाचून दाखवलं. तिला अक्षर येत नव्हतं, पण काय गाळलं ते बरोबर कळलं.

"अन् मी तुही कोन, थे लिवलं का गा?"

मला मान वर करता येईना. लाज वाटली, स्वतःची. मालकीणबाईंनी तिला विहीर बाटवणारी ठरवलं. मी तर तिला आईच राहू दिलं नव्हतं. कागद फाडला. नव्या कागदावर पहिलीच ओळ लिहिली: 'अंगणात उभी होती ती माझी आई. मी भिऊन खोटं बोललो.'

ठाण्यातल्या जमादारानं ती ओळ वाचली आणि अर्ज माझ्याकडे सरकवला.

"हे काहून लिवलं भाऊ? यानं तर तुमीच खोटे पडून राहिले. खोडा. अन् जात कायले आणता मधात? खोलीचा तंटा म्हना."

"खोडणार नाही. जातही राहील."

"मंग मी घेत नाही."

मी अर्ज पुन्हा त्याच्यापुढे ठेवला. आई दाराशी उभी होती. तिचा हात धरून तिला टेबलासमोरच्या बाकावर बसवलं. त्या खोटेपणाची माफी मी तिच्याकडे मागितली नाही. तेवढ्यानं ते फिटणारं नव्हतं.

ठाण्यात होते नव्हते त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "ही माझी आई. आधी तिचा जबाब लिहा. तोवर आम्ही इथून उठत नाही."