काकांच्या दुकानातला हिंग

फेल्डहोवन या डच गावातल्या आमच्या घरी दिवसा कुणी नसतं. नवरा चिपची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत, मुलगी शाळेत आणि मी आइंडहोवनच्या एका लॅबमध्ये. त्यामुळे आईनं पुण्याहून पाठवलेलं प्रत्येक पार्सल माझ्या सायकलवाटेवरच्या एका सोमाली काकांच्या दुकानात जाऊन बसतं.

दुकान तसं किराण्याचं. दारात केळ्यांचे घड, आत तांदळाची पोती, खजूर, फोनची कव्हरं, फ्रीजरमध्ये बोकडाचं मटण. काउंटरवरच्या काचेच्या पेटीत काकूंनी सकाळी तळलेले सांबुसे, म्हणजे आपले समोसेच, पण लहान आणि जास्त तिखट. पार्सलं ठेवून घेण्याचं काम काकांनी नंतर जोडधंदा म्हणून घेतलं. पार्सल न्यायला आलेला माणूस जाताना निदान केळी तरी घेईल, असा त्यांचा अंदाज.

काका मोगादिशूला शाळेत भूगोल शिकवायचे. लढाई पेटल्यावर देश सुटला. इथल्या निर्वासितांच्या छावणीत काही वर्षं गेली, मग ट्युलिपचे कांदे निवडायचं काम केलं. मास्तरकीच्या कागदांना इथं कुणी विचारेना, तेव्हा दुकान टाकलं. पण अंगातला मास्तर काउंटरमागे गप्प बसतो थोडाच! ओळखपत्र दाखवलं की पार्सल द्यायचं, हा कंपनीचा नियम. काकांनी त्यात मधे एक प्रश्न घातला होता.

"मिलानहून आलंय," बूट मागवलेल्या एखाद्या बाईंना ते गंभीरपणे विचारत. "मिलानच्या उत्तरेला कोणते पर्वत?"

डच माणसं नियमाला फार मानतात. हाही नियमच असणार असं समजून ती बिचारी डोळे मिटून पर्वत आठवत उभी राहायची. उत्तर चुकलं तर काका अंड्यांच्या ट्रेमागचा नकाशा काढून काउंटरवर पसरत. पार्सल मिळायचं, पण पर्वत पाहिल्यावर. मला मात्र कायम एकच प्रश्न.

"पुणे. नद्या?"

"मुळा आणि मुठा."

"पास."

आमचं बोलणं मोडक्या डचमध्ये चाले आणि अडलं की हिंदीत. काकांचं हिंदी लहानपणी मोगादिशूच्या थिएटरात हिंदी सिनेमे बघून शिकलेलं. त्यामुळे त्यांच्याकडे बदला, इन्साफ, कसम, खून असे भारी भारी शब्द होते, पण कांदा आणि बटाटा नव्हते. सोमाली गिऱ्हाइकं त्यांना 'अदेर' म्हणत. अदेर म्हणजे काकाच, म्हणून मी काका म्हणायचे. ते मला 'बहन' म्हणत. नातं कुठल्याच बाजूनं जुळत नव्हतं, पण दोघांनाही त्याचं काही वाटत नव्हतं.

एके दिवशी दुपारी लॅबमध्ये मेसेज आला, पार्सल दुकानात पोचलंय. पाठोपाठ काकांचा फोन.

"बहन! जल्दी! बहुत बड़ा धोखा!"

आणि फोन बंद. मी सायकल काढली.

दुकानाच्या गल्लीच्या तोंडाला लाल-पांढरी पट्टी लावलेली. आत अग्निशमनाच्या दोन गाड्या. शेजारच्या सलूनमधली एक बाई केसांत चंदेरी कागदाच्या पट्ट्या तशाच घेऊन वाऱ्यात कुडकुडत उभी होती. वरच्या मजल्यावरच्या आजी कुत्र्याला कडेवर घेऊन सगळ्यांना सांगत होत्या, "गॅस गळतोय. मीच फोन केला. पहिल्यांदा मलाच वास आला."

तेवढ्यात वारा फिरला आणि मलाही वास आला. तो वास मी जन्मापासून ओळखते. आमच्या स्वयंपाकघराच्या फळीवर, घट्ट झाकणाच्या डब्यात, त्या डब्याबाहेर आणखी एका डब्यात तो राहतो.

दुकानासमोर काका एक फुगलेली हिरवी फाइल घेऊन उभे होते आणि अधिकाऱ्याला एकेक कागद दाखवत होते. दुकानाची नोंदणी. स्वच्छतेचा दाखला. डच भाषेच्या परीक्षेचं प्रमाणपत्र. मांजराच्या लसीचं कार्ड, आणि ते मांजर जाऊनही दोन वर्षं झाली होती. आयुष्यात इतक्या युनिफॉर्मवाल्यांनी त्यांच्याकडे कागद मागितले आहेत, की युनिफॉर्म दिसला की हात आपोआप फाइलकडे जातो. हा माणूस आग विझवायला आलाय, हे त्यांच्या डोक्यात शिरतच नव्हतं.

"साहेब, मला कागद नकोत," अधिकारी शांतपणे म्हणाला. "गॅसचा कॉक कुठे आहे?"

"आधी हे बघा. सही आहे. शिक्का आहे."

अधिकाऱ्यानं सुस्कारा सोडला आणि खरंच एक कागद नीट वाचला. "छान आहे," म्हणाला. "परीक्षेत मार्क चांगले आहेत." काकांचे खांदे जरा खाली आले.

आतून एक जवान मीटर घेऊन बाहेर आला. "यंत्र म्हणतंय गॅस नाही."

"आणि नाक?"

"नाक म्हणतंय आहे."

आता गप्प राहणं शक्य नव्हतं. मी पट्टीखालून वाकून पुढे गेले आणि माझ्या सगळ्या डचचा जोर लावून म्हणाले, "माफ करा. हा वास माझा आहे."

चंदेरी पट्ट्यांवाली बाई दोन पावलं मागे सरकली. आजींनी कुत्र्याचं नाक झाकलं.

"म्हणजे माझ्या पार्सलचा!" मी घाईघाईनं सांगितलं. "मसाला आहे. आम्ही जेवणात घालतो."

"हा?" अधिकारी म्हणाला. "जेवणात? कशाला?"

"गॅस होऊ नये म्हणून."

त्यानं वळून जवानाला पार्सल बाहेर आणायला सांगितलं.

जवानानं दोन्ही हातांनी, अंगापासून लांब धरून, खोका बाहेर आणला. एक कोपरा पार चेपलेला. आईनं अर्धा किलो खडा हिंग बाबांच्या लोकरी मोज्यात घालून, वर गाठ मारून पाठवला होता. मोजा वर काढला तशी गर्दी एकदम पांगली. अधिकाऱ्यानं कर्तव्य म्हणून वास घेतला आणि डोळे पुसले.

अहवालात कारण लिहायचं होतं. मी इंग्रजी नाव सांगितलं, त्यानं फोनवर डच नाव शोधलं आणि मोठ्यांदा वाचलं, "डाउफल्सड्रेक." सैतानाची विष्ठा. इथं हिंगाला खरोखर तेच म्हणतात.

"अस्तगफिरुल्ला!" काका किंचाळले. "माझ्या दुकानात? बहन, ये कैसा बदला?"

तेव्हा मागून विचित्र आवाज आला. काकू फूटपाथच्या कडेवर बसून हसत होत्या. एरवी काउंटरमागे मान खाली घालून सांबुसे वळणाऱ्या, हो-नाहीपलीकडे न बोलणाऱ्या काकू ओढणीनं तोंड दाबून गदागदा हलत होत्या. काकांनी त्यांच्याकडे रागानं पाहिलं, मग त्यांनाही हसू आवरेना. एका जवानालाही आवरेना. पाच मिनिटं सरकारी काम थांबलं.

पट्टी निघाली. सलूनवाली बाई धावत आत गेली, पण उशीर झाला होता. तिचे केस गाजरासारखे केशरी झाले. मी माफी मागायला गेले तर आरशात बघत म्हणाली, "राहू दे, मला बरे दिसतात." अग्निशमनवाल्यांनी पेटीतले सगळे सांबुसे घेतले. एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकालाही काकांनी सोडलं नाही. निळ्या नाईलचा उगम विचारलाच. अधिकाऱ्याला आला नाही. नकाशा बाहेर आला.

मला वाटलं होतं, यापुढे माझं पार्सल या दुकानात घेतलं जाणार नाही. पण दुसऱ्या दिवशी मी लाडू घेऊन माफी मागायला गेले, तेव्हा काकूंनीच मला आत बोलावलं आणि डचमध्ये शब्द शोधत विचारलं, "तो सैतान... डाळीत घालतात का?"

त्यांच्याकडे चवळीसारखे लाल दाणे तासन् तास शिजवून त्यात तेल आणि साखर घालून खातात. काकांना ते फार आवडतात आणि नंतर फार त्रास देतात. मी घरून हिंगाचा एक खडा आणून दिला. कुटून चिमूटभर घाला, असं बजावलंही. पण चिमूट म्हणजे किती, ते मला डचमध्ये सांगता येईना. शेवटी आईला व्हिडिओ कॉल लावला. लोक तिकीट काढून पाहायला आले असते! आई पुण्यातून मराठीत ओरडतेय, "अहो, एवढा नाही! एवढुस्सा!" काकू सोमालीत काहीतरी ठणकावून सांगताहेत आणि खडा फोनच्या अगदी जवळ धरताहेत, जणू आईला वास यावा. दोघींना एकमेकींचं एक अक्षरही कळत नव्हतं आणि दोघीही माना डोलवत होत्या. मधे मी भाषांतर करायला गेले तर आई म्हणाली, "तू थांब गं, आमचं चाललंय ना!"

काकूंनी अर्धा खडा घातला. साखर नेहमीइतकीच. मी एक वाटी खाल्ली. काकांनी तीन खाल्ल्या, ढेकर दिला, थोडा वेळ स्वस्थ बसून काय होतंय ते पाहिलं आणि म्हणाले, "इन्साफ हो गया."