पल्लवीच्या नावापुढची सही

हे मी रिकाम्या वर्गात बसून लिहितेय, जरा वाचा.

आमच्या एमएस्सीच्या वर्गात हजेरीचा कागद बाकांवरून फिरतो. शेजारची आली नसेल तर तिची सही आपण ठोकायची, ही आमची रीतच. आज पल्लवीची मी केली.

अकराला तिचे बाबा काचीगुड्याहून धावत आले. पल्लवी सकाळी त्यांच्याशी भांडून घरातून निघालेली, फोन बंद. तास संपून वर्ग पांगला होता, म्हणून सरांनी त्यांना हजेरीचा कागद दाखवला. काकांनी सहीवर बोट ठेवलं. "हौ, तिचीच आहे. कॉलेजात आली म्हणजे बस झालं."

मी मान खाली घालून वही दप्तरात भरायला लागले. खोटी सही सापडली तर परीक्षेला बसू देणार नाही, असं सरांनी पहिल्याच दिवशी बजावलंय.

मधल्या सुट्टीत काकांनी मला गाठलं. "बेटा, ती तुझ्याच शेजारी बसते ना? तिला सांग, मी रागावलो नाही."

"हो काका," म्हणाले मी.

आता साडेचार झालेत. पल्लवीचा फोन अजून बंद आहे. वर्गाला दार एकच, आणि त्याच्यासमोर बाहेरच्या बाकावर काका तिची वाट बघत बसलेत.

बाहेर जाऊन पहिलं वाक्य काय बोलू?